अभ्यासाची ज्याची त्याची वाट

भिवापूरची मिरची पोचली नाही असे स्वयंपाकघर विदर्भात विरळाच. हंगामात येथील सातऱ्यांवर लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया ओळीने बसून देठ खुडीत असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सातऱ्यावर मी माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला भेटावयास गेलो होतो. पोरगा सातवीत होता. एकच धडा दहा वेळा वाची, पण उभे करून विचारले की गप्प! ‘बाई, याच्या हातून अभ्यास व्हायचा नाही, उगाच शाळेत अडकवू नका,’ असे त्या माउलीला सांगून टाकावे, हा माझा बेत.

पाहतो तो काय! माझा हा मुखदुर्बळ विद्यार्थी आईशेजारी बसून देठ खुडता खुडता आग्र्याहून महाराजांच्या सुटकेची हकीकत साऱ्या बायांना रंगवून सांगत होता. मध्येच एखादी विचारी, ‘मंग का झालं रे?’ की स्वारी पुढे निघे. 1666 हे सालसुद्धा चुकले नाही. मी आल्या पावली परत फिरलो. मठ्ठ कोण, तो की मी, हा प्रश्न त्या रात्री मला झोप येऊ देईना. इतिहासाच्या मास्तराने उत्तर तरी कुठे शोधावे? इतिहासातच!

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेला छडीने पुष्कळ बदनाम केले. पण तिची रीत अगदीच वेडगळ नव्हती. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे, तेच मोठ्याने म्हणावयाचे, सांजवेळी पावकी-निमकीचा परवचा सुरात घ्यावयाचा. म्हणजे हात, कान आणि तोंड तिन्ही कामाला लागत. शिवाय मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल या गृहस्थांनी तिकडच्या देशी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिली. मुलांनीच मुलांना शिकविण्याची पद्धत त्यांनी आपल्या शाळेत चालविली, 1797 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ती इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. पंतोजींचा दोष एवढाच, की सगळ्यांना एकच वाट. ती ज्याला मानवली नाही त्याच्या कपाळी शिक्का बसला.

हा शिक्का झुगारून आपली वाट स्वतः शोधणारी माणसे मात्र महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. आणि त्या माउलीने लेकीला. बिऱ्हाड कायम तीर्थयात्रेच्या वाटेवर. तेव्हा पहाटे, घरकाम सुरू होण्याआधी, आई लेकीला जागी करी आणि तोंडी धडा देई. जे कानाने घेतले ते पुढे देवळांतून पुराण सांगताना तोंडाने द्यावयाचे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिची शाळा ही अशी होती.

इतिहासाचार्य राजवाड्यांची तऱ्हा नेमकी उलटी. डेक्कन कॉलेजात असताना वर्गातील व्याख्यानांत त्यांचे मन रमेना. त्यांनी तालीम आणि पोहणे यांनी शरीर कमावले आणि ग्रंथालयात बसून आपल्या मनाने वाचन केले. बी. ए. ची पदवी हाती पडेपर्यंत तिशी जवळ आली होती! ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखात त्यांनी तत्कालीन शिक्षणावर कोरडेही ओढले आहेत. पण मनासारखे वाचावयाची ही खोडच पुढे महाराष्ट्राच्या उपयोगी पडली. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्यांच्या लांबलचक प्रस्तावना पाहिल्या म्हणजे कळते, की या माणसाने नुसते वाचले नाही. वाचलेले प्रत्येक वेळी लेखणीतून बाहेर काढून तपासले.

आमच्या शेजारच्या वर्ध्याच्या विनोबांनी तिसरीच वाट धरली. 1942 च्या आंदोलनानंतर वेल्लोरच्या तुरुंगात असताना तामिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा त्यांनी एकदमच शिकावयास घेतल्या! दुसरा कोणी गोंधळून गेला असता. त्यांना मात्र एकीची गाठ दुसरीच्या उजेडात उकलत गेली.

हल्ली काही मुले डोळ्यांनी शिकणारी, काही कानांनी, काही हातांनी, अशी वाटणी करून टाकण्याची टूम आहे. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांचे तीन सहकारी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासले. अशी वाटणी करून त्याप्रमाणे शिकविल्याने मुले अधिक शिकतात, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. उलट पुस्तक मिटून आठवून पाहणे आणि काही दिवस जाऊ देऊन पुन्हा उजळणी करणे बहुतेकांच्या कामी येते, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. म्हणजे ‘मठ्ठ’ हा जुना शिक्का पुसून ‘कानाने शिकणारा’ हा नवा शिक्का मारण्यात शहाणपण नाही. वाट ज्याने त्याने चालून पाहावी, आणि पुस्तक मिटल्यावर काय उरले यावरून ती पारखावी. रमाबाईंचे पुराण आणि राजवाड्यांची प्रस्तावना ही अशीच पारख होती.

सातऱ्यावरच्या त्या पोराचे काय झाले? आईला मी पुन्हा भेटलो, पण वेगळा निरोप घेऊन. ‘रोज रात्री त्याच्याकडून धडा ऐकत जा,’ एवढेच सांगितले. ‘मास्तर, मले तर वाचता येत नाही,’ ती संकोचाने म्हणाली. मी म्हटले, ‘म्हणूनच तुम्ही ऐका. तुम्हांला समजेल असे त्याला सांगावे लागेल.’ त्या पोराने शाळा सोडली नाही, आणि मीही त्यानंतर कोणाच्या आईकडे तसला निरोप घेऊन गेलो नाही.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत घरची मुले फराळाच्या ताटाभोवती बसतील. एखादे दिवशी पुस्तक मिटवून त्यांच्याकडून एक धडा ऐका. चुका काढू नका. गाडी अडली, तर आमच्या बायांसारखे एवढेच विचारा: ‘मंग का झालं रे?’