बेसाल्टमधील कार्बन साठवण

कारखान्यांच्या धुरातून वेगळा केलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू खोल बेसाल्ट खडकात सोडून त्याचे कार्बोनेट खनिजांत रूपांतर करण्याची पद्धत.

उगम : आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू भूगर्भात सोडण्यात आला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या भूविज्ञान विभागात या विषयावर पीएच.डी. संशोधन चालते, २०२२ मध्ये याच संस्थेत कार्बन ग्रहण व वापराचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन झाले.

वैशिष्ट्ये : कार्बनयुक्त आम्लधर्मी पाणी बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह विरघळवते, त्यांपासून कॅल्साइट, मॅग्नेसाइट इत्यादी खनिजे बनतात (पहा : कार्बोनेट खनिजे). सच्छिद्रता, पार्यता, भेगा व दाब यांचा अभ्यास प्रयोगशाळेत व संगणकीय प्रतिमानांद्वारे होतो.

महत्त्व : सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे बेसाल्टी लाव्हाथर जवळजवळ पाच लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापतात, त्यामुळे येथे अशा साठवणीस वाव आहे (पहा : दख्खन ट्रॅप). खनिजरूप कार्बन पुन्हा वातावरणात निसटत नाही. साठवणस्थळ निवडताना भूजल व भूकंपप्रवणता विचारात घ्यावी लागते (पहा : कोयना भूकंप).