शेंगेंतला भुंगा

महाडजवळच्या सव गांवचा मुलूख भाताचा. भुईमूग तेथें पाहुणाच. कोलंबसानंतरच्या काळांत दक्षिण अमेरिकेंतलें हें पीक समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आलें, पण त्याचा शत्रु येथील चिंचोक्यांवर आधींच पोसत होता. या तपकिरी भुंग्याची मादी टरफलावर अंडें चिकटवते. अळी तेथूनच टरफल पोखरून दाण्यांत शिरते आणि पुरती वाढल्यावर बहुधा बाहेर येऊन शेंगेवरच कोश विणते. तेव्हां अखंड शेंग सुरक्षित, ही समजूत भाबडीच. पोखरलेला दाणा ना पेरणीचा, ना घाण्याचा.

कणगींत निंबाचा वा निरगुडीचा वाळला पाला घालण्याची चाल जुनी. विद्वानांना ती पटावयास मात्र फार दिवस लागले! निंबोळीचा अर्क फवारलेला पाला टोळ खात नाहींत, हें दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत प्रधान प्रभृतींनीं १९६२ सालीं दाखविलें. १९६८ सालीं इंग्लंडांत त्यांतील अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळें काढण्यांत आलें. तें किडीला तत्काळ मारीत नाहीं. तिचें खाणें तोडतें, कात टाकण्यांत बिघाड करतें. म्हणून पाला साठवणीच्या पहिल्या दिवशींच घालावा. अळी दाण्यांत शिरल्यावर त्याचा उपयोग थोडा. आणि शेंगा खुळखुळेपर्यंत वाळविल्या नसतील, तर त्याहून थोडा.