गोळीवरची रेघ

या मालेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह आणि रसद यांबद्दल बोलतो. आजचा विषयही गोळीचाच आहे, पण बंदुकीच्या नाही, औषधाच्या.

माझ्या वयाच्या माणसांच्या घरात हा प्रकार रोजचा आहे. सकाळी टेबलावर औषधाची पट्टी, हातात भाजी चिरायची सुरी आणि एका गोळीचे दोन तुकडे. कधी डॉक्टरांनीच ‘अर्धी’ लिहिलेली असते. कधी दुकानात पंचवीसची नसते म्हणून पन्नासची आणलेली असते. कधी चार पैसे वाचवायचे असतात. मग इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद असं कुठूनही कोणी विचारतं, “अशी तोडलेली चालते ना हो?”

मी डॉक्टर नाही. इतिहास वाचणारा, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासातच आहे. गोळी म्हणजे नेमकी काय वस्तू, हेच गेल्या १८० वर्षांत दोनदा बदललं. ते बदल समजले की कोणती गोळी तोडावी आणि कोणती नाही, हेही समजतं.

आधी गोळी नव्हती तेव्हाचं बघू. आपल्या आज्या बाळगुटी द्यायच्या. सहाणेवर हळकुंडाचे इतके वेढे, जायफळाचे इतके. मात्रा वेढ्यांवर मोजायची. पण आजीचा हात जड की हलका, सहाण खरखरीत की गुळगुळीत, यावर ती कमी-जास्त व्हायचीच. युरोपातल्या औषधवाल्यांचंही फार वेगळं नव्हतं. औषधाचा लगदा मळायचा, त्याची वळकटी करायची, तुकडे पाडायचे आणि बोटांनी गोल करायचे. एक गोळी दुसरीसारखीच असेल याची खात्री कोणी देत नसे. आपल्याकडे १८९२ पासून बंगालमधल्या टपाल कचेऱ्यांत हिवतापावरचं क्विनीन एका पैशाला मिळू लागलं, तेही पुडीतून.

पहिला मोठा बदल केला तो वैद्याने नाही, तर एका चित्रकाराने. विल्यम ब्रॉकेडन हे इंग्लंडमधल्या एका घड्याळजीचे चिरंजीव. त्यांना चित्रं काढायला चांगल्या शिसपेन्सिली हव्या होत्या आणि चांगलं ग्रॅफाइट दुर्मीळ होत चाललं होतं. त्यांनी ग्रॅफाइटची पूड साच्यात घालून जबर दाबाखाली घट्ट केली. मग लक्षात आलं की हीच युक्ती औषधाच्या पुडीलाही लागू पडते. १८४३ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. त्यात औषधी गोळ्या आणि पेन्सिलीचं शिसं दोन्ही होतं. साचा तोच, भरलेली पूड तेवढीच, म्हणून प्रत्येक चकती सारखी. आज आपण जिला टॅब्लेट म्हणतो तिची सुरुवात ही.

पुढे लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये या दाबलेल्या औषधांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवून घेतलं. लहान आकाराच्या वर्तमानपत्राला टॅब्लॉइड म्हणतात, तो शब्द या औषधाच्या पेटीतूनच बाहेर पडला. प्रवासी, शोधमोहिमा आणि सैन्यं या पेट्या बरोबर नेऊ लागली. बाटली फुटायची भीती नाही, तराजू नको, चमचा नको.

सैन्यासाठी याचा अर्थ काय होता, ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दिसलं. जनरल विल्यम स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एक जखमी मागे पाठवावा लागे, तेव्हा आजाराने १२० माणसं मागे जात. त्यात हिवताप मोठा. उपाय होता मेपाक्रिनची गोळी, रोज न चुकता. कातडी पिवळी पडे. पुरुषत्व जातं अशी अफवाही होती, म्हणून जवान ती टाळत. स्लिम अचानक अख्ख्या पलटणीची तपासणी करवत. ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या शरीरात औषध सापडलं, तर त्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तीन जणांना काढल्यावर बाकीचे समजले. १९४५ मध्ये आजाऱ्यांचं प्रमाण दिवसाला हजारी एकावर आलं. शिस्तीचं श्रेय आहेच. पण अशी शिस्त लावता आली, कारण लाखो माणसांच्या हातात तेवढीच मात्रा ठेवता येत होती. ते वेढ्यांच्या हिशेबावर जमलं नसतं.

आता अर्ध्या गोळीकडे येऊ. सगळ्यांना सारखी मात्रा हा गोळीचा फायदा, आणि तीच तिची अडचणही. लहान मूल, म्हातारा माणूस, मूत्रपिंड कमजोर असलेला माणूस, यांना कमी लागते. म्हणून साच्यातच मधोमध एक खाच ठेवली जाऊ लागली. ही रेघ शोभेची नसावी, इथे तोडली तर मात्रा बऱ्यापैकी निम्मी होते असं बनवणाऱ्याचं ते सांगणं असावं, अशी अपेक्षा.

माझ्या नोकरीच्या काळात लडाखमध्ये हा हिशोब रोज पाहायला मिळे. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून साधारणपणे टप्प्याटप्प्याने मुक्काम करत चढायचं असतं. पण तुकडी घाईने वर न्यावी लागली की आरएमओ साहेब डायमॉक्स द्यायचे. गोळी २५० मिलिग्रॅमची आणि द्यायची १२५, दिवसातून दोनदा. नर्सिंग असिस्टंट रेघेवर दोन्ही अंगठे ठेवून ‘टक्’ करून गोळी तोडायचा. साधी दाबलेली चकती, मधे रेघ आणि मात्रेत थोडा फरक पडला तरी निभावून नेणारं औषध. अशा वेळी अर्धी गोळी हा अगदी योग्य मार्ग असतो.

पण तोपर्यंत गोळीत दुसरा बदल होऊन गेला होता, आणि तो बाहेरून दिसत नाही. जर्मन डॉक्टर पाउल उन्ना यांनी १८८० च्या दशकात गोळ्यांना असं वेष्टन दिलं की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावीत. आजच्या पँटोप्राझोलच्या किंवा वेष्टनाच्या ॲस्पिरिनच्या गोळीमागे तीच कल्पना आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ आणलं. ही एक कॅप्सूल होती. तिच्यात शेकडो बारीक दाणे, काही लगेच विरघळणारे, काही उशिरा. १९८९ मध्ये तिथेच निफेडिपिनची अशी गोळी मंजूर झाली जी खरं तर एक छोटा पंप आहे. आत पाणी शिरतं, एक थर फुगतो आणि लेझरने पाडलेल्या बारीक भोकातून औषध दिवसभर बाहेर ढकललं जातं. रिकामं कवच शौचावाटे तसंच बाहेर पडतं.

अशी गोळी सुरीने कापली तर काय होईल? चोवीस तासांचं औषध एकदम अंगात उतरू शकतं. रक्तदाबाच्या औषधात याचा अर्थ चक्कर, पडणं आणि वयस्कर माणसाचं मोडलेलं खुब्याचं हाड. वेष्टनाची गोळी फोडली तर औषध आम्लात वाया जातं किंवा पोट जाळतं.

मग पैशांसाठी तोडणं? त्याचाही इतिहास आहे आणि तो माजी सैनिकांचाच आहे. अमेरिकेत बऱ्याच औषधांच्या ४० आणि ८० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची किंमत जवळजवळ सारखी असे. म्हणून तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन दुप्पट ताकदीचं घेऊन अर्धं करायला सांगितलं, वर गोळी कापायचं यंत्रही दिलं. नंतर तपासलं तेव्हा कोलेस्टेरॉल बिघडलेलं आढळलं नाही. कारण सोपं आहे. या औषधाचा परिणाम आठवड्यांचा असतो. आजचा तुकडा थोडा मोठा, उद्याचा थोडा लहान, सरासरी जमते. हाच हिशोब रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनला किंवा हृदयाच्या डिगॉक्सिनला लावता येत नाही. तिथे पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतरच थोडं असतं. डॉक्टर ही औषधंही कधी अर्धी देतात, पण रक्त तपासून, मोजून. तो निर्णय आपण स्वयंपाकघरात घ्यायचा नसतो.

रेघ खरी की नुसती दाखवायची, याचीही कसोटी आहे. युरोपच्या औषधसंहितेत ३० गोळ्या हाताने तोडतात आणि प्रत्येकीचा एक तुकडा वजन करतात. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर फार तर एक तुकडा चालतो, ७५ ते १२५ च्या बाहेर एकही नाही. म्हणजे कसोटीला उतरलेल्या गोळीतही थोडा फरक मान्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१३ मध्ये रेघेसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता फौजी पद्धतीने, मुद्द्याचं.

नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल, सीआर, एमआर अशी अक्षरं असली, किंवा वेष्टन आतड्यात विरघळणारं असलं, तर विचारल्याशिवाय तोडू नका. याला अपवाद आहेत. मेटोप्रोलॉलच्या काही लांबवलेल्या गोळ्या बारीक दाण्यांच्या बनवलेल्या असतात आणि रेघेवर अर्ध्या करता येतात. पण कंपनी बदलली की बनावट बदलू शकते, म्हणून प्रत्येक वेळी फार्मासिस्टला दाखवा. रेघ नसेल तर आधी कमी ताकदीची गोळी मिळते का ते बघा. थायरॉइडच्या औषधात तर आता बारीक बारीक फरकाच्या ताकदी मिळतात. कॅप्सूल कापायची नाही. सुरीऐवजी पिल कटर घ्या, फार महाग नसतो. हात थरथरत असतील किंवा नजर कमी असेल, तर घरातल्या दुसऱ्याने तोडावी. महिन्याभराच्या गोळ्या एकदम तोडून ठेवू नका. एक तोडा, उरलेला तुकडा पुढच्या वेळी घ्या, म्हणजे दोन्ही मिळून हिशोब पुरा होतो आणि दमटपणाही लागत नाही. केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घरात असेल तर त्याच्या तुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये.

आणि पट्टी कापून घेताना मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येतो का, तेवढं बघा.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातला औषधांचा डबा टेबलावर रिकामा करून एकदा नावं वाचा, आणि शंका असलेली पट्टी घेऊन औषधाच्या दुकानात जा. जय हिंद.