पांढरी वायर

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती फेरीबोटीला पुन्हा जुने दिवस आले. धक्क्यावर गाड्यांची ही रांग! आम्ही पर्वरीचे, त्यामुळे रोजचंच झालं ते.

त्याच डिसेंबरात जहाजावर नोकरी करणाऱ्या काकांनी विलायतेहून होडी ओढायच्या ट्रेलरचं किट आणलं. दोन खोकी, नट-बोल्टांची पिशवी, चाकं आणि आकृत्यांचा एक कागद. सांगाडा बाबांनी दोन रविवारांत अंगणात जोडला. घोळ झाला तो वायरिंगचा. सात पिनांचा प्लग : पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या, तांबडी ब्रेकची. पांढरी मात्र बाबांनी गुंडाळून ठेवली.

"आपल्या फियाटीत कुठे असते परतीची वायर? बॉडीच ते काम करते की!"

खरंच होतं ते. पण ट्रेलर गाडीला जोडलेला असतो एका लोखंडी गोळ्यावर, आणि तो तर ग्रीसने माखलेला! करंट परतणार त्यातूनच.

अंगणात सगळे दिवे झकास लागले. पुढच्या रविवारी दोना पावलाहून परतताना तिन्हीसांज झाली. पणजीच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताना ट्रेलर हिंदकळला आणि मागचे दिवे गेले. मागे ट्रक. धाकटा भाऊ हट्टाने होडीत बसलेला. खलाशाने बोंब ठोकली, ट्रक हातभर अंतरावर थांबला.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. पांढरी वायर दोन्ही दिव्यांपर्यंत नेऊन जोडली, काका टॉर्च धरून उभे. कोणी बोललं नाही.