चौथ्या क्रमांकाचा सेंटर फॉरवर्ड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघाला आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आमचे बोदलकसा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, एवढाच त्या घडामोडीचा अर्थ गावोगावच्या लोकांना कळला असेल. पण बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, याच मुंबई राज्यातल्या एका तरुणाने ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम केला, की तसा आशियातल्या कुणीही त्याआधी केला नव्हता. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिल घराण्याने गोव्याचा, खेळाने मुंबईचा. भारतीय फुटबॉल संघाचा तो सेंटर फॉरवर्ड होता. त्या ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडायची होती. पण रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या सामन्यात समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी दिली, मॉरोने ती पुन्हा पुसली. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलचा तिसरा गोल झाला. किट्टू कृष्णस्वामीने चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. त्या दिवशी त्याच्या चोविसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते.

या विजयाची खरी किंमत कळायला चार वर्षे मागे जावे लागते. १९५२ साली हेलसिंकीत यूगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. मेलबर्नला उपांत्य फेरीत पुन्हा यूगोस्लाव्हियाच समोर आला. आणि पहिला गोल केला तो भारताने, म्हणजे नेव्हिलनेच. काही मिनिटे का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. नंतर यूगोस्लाव्हियाने बाजू उलटवली आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ०-३ असे हरवले. भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणारे तिघे होते : यूगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि आपला नेव्हिल. त्यातल्या दोघांच्या गळ्यात पदक पडले. तिसरा रिकाम्या गळ्याने परतला.

मी शेरोशायरीतला माणूस. शेराच्या पहिल्या ओळीत बात उचलली जाते आणि दुसऱ्या ओळीत ती पोचते. दाद मिळते दुसऱ्या ओळीला, पण पहिलीवाचून दुसरी उभी राहत नाही. फॉरवर्ड म्हणजे संघाची ही दुसरी ओळ. मेलबर्नमध्ये पहिली ओळ लिहिणारे होते प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. त्यांच्या संघात बंगालचे समर बॅनर्जी कर्णधार होते, उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी होते, मुंबईत वाढलेला एस. एस. नारायण गोलरक्षक होता. या सगळ्यांनी चेंडू पुढे आणला, तेव्हा नेव्हिलच्या पायाला तो मिळाला.

आज फुटबॉलपटू म्हटले की लिलाव, करार, जाहिराती डोळ्यांपुढे येतात. नेव्हिलच्या काळी 'व्यावसायिक' हा शब्दच ऑलिंपिकला वर्ज्य होता. तिथे हौशी खेळाडूंनाच प्रवेश. मग पोट कसे भरायचे? त्याचे उत्तर मुंबईने काढले होते. टाटांसारख्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि आपला संघ उभा करत. कागदावर नोकरी, पण पगार खरा मैदानासाठी, असा हा मामला. नेव्हिल टाटांकडून खेळला, पुढे कॅल्टेक्स या तेलकंपनीकडून. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला, त्या संघात तो होता. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा तेव्हा देशातल्या मोठ्या स्पर्धांत गणली जाई आणि मुंबईचे कूपरेज मैदान तिच्यासाठी भरून वाहत असे.

फॉरवर्डची कारकीर्द मात्र तोकडी असते. बचावपटू अनुभवावर चार वर्षे जास्त काढतो. फॉरवर्डची अर्ध्या पावलाची चपळाई गेली, की सगळेच गेले. १९६० च्या रोम ऑलिंपिकला निघालेल्या संघात नेव्हिल नव्हता. १९६२ साली जाकार्तात रहीमसाहेबांच्या संघाने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही नव्हता. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला पी. कें. ना मिळाला आणि तो योग्यच होता. नेव्हिलचे नाव त्या यादीत कधी आले नाही. १९८० साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

मंडळी, आपण त्याला का विसरलो? एक कारण उघड आहे. आपली आठवण पदकापाशी थांबते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक आणले, तरी त्यांनाही अर्जुन मिळायला मरणानंतर कितीतरी वर्षे जावी लागली. मग चौथ्याला कोण विचारतो? पण दुसरे कारण मला जास्त टोचते. नेव्हिलला आपला म्हणणारे घर नव्हते. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. मुंबई कुणाची, यावर रस्त्यात रक्त सांडत होते. फुटबॉलचा इतिहास लिहिला बंगालने, आणि तो आधी आपल्या माणसांचा लिहिला. मराठी माणसाने क्रिकेट, कुस्ती, कबड्डीची वही ठेवली; त्यात 'डिसूझा' या आडनावाचे पान उघडायचे राहून गेले. जो सगळ्यांसाठी खेळला, तो कुणाच्याच वहीत मावला नाही.

वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला आता त्याचे नाव आहे. २०२४ साली आलेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे रहीमसाहेबांबरोबर तोही नव्या पिढीला थोडा दिसला. ही चांगली गोष्ट आहे. पण फुटबॉल काही फक्त वांद्र्याचा नाही. आमच्या विदर्भात छावणीच्या कामठीत आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. इकडे गोंदियाच्या बाजूला धान निघाले, की रिकाम्या बांध्यांत पोरे चेंडू लाथाडू लागतात. दोन दगडांचा गोल होतो आणि जो तो पुढे खेळायला धावतो. या पोरांना परदेशी खेळाडूंची नावे तोंडपाठ आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. त्या नावांच्या रांगेत एक नाव आपल्याच जुन्या मुंबई राज्याचे आहे, एवढे त्यांना कुणीतरी सांगावे. म्हणजे चौथा आलेला माणूसही त्यांच्या हिशेबात जमा होईल.