शहाबादी फरशी : अंगण आणि पायरी

पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेतल्यामुळे जिला चंद्रभागा म्हणतात, तीच भीमा पुढे आग्नेयेस वाहत कलबुर्गी जिल्ह्यात शिरते. तेथवर तिचा प्रवाह काळ्या कातळाच्या मुलखातून होतो. त्या जिल्ह्यात मात्र कातळ हळूहळू संपतो आणि त्याच्या तळचा, त्याहून कितीतरी पुरातन असा चुनखडीचा दगड उघडा पडतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी या शिलासमूहास भीमेचेच नाव दिले आहे. मराठी घरांच्या अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली असलेली शहाबादी फरशी याच भूमीची.

हा दगड थरांचा आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले थर पुढे घट्ट झाले; पाचर ठोकली की त्यांतून इंच-दीड इंच जाडीची सपाट लादी सुटते. काळ्या पाषाणाचे तसे नाही. तो पाथरवटाने टाकीचे घाव घालून घडवावा लागतो. त्यामुळे फरसबंद अंगण ही पूर्वी देवालये, घाट व मोठे वाडे यांचीच मिरास होती. गोमंतकात व कोकणात जांभ्याचे चिरे तरी हाताशी होते; देशावरील सामान्य गृहस्थाचे अंगण मातीचे, आणि ते चोपून-सारवून ठेवण्याचे नित्याचे कष्ट घरच्या स्त्रियांचे.

हे बदलले ते आगगाडीमुळे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1860 मध्ये सोलापुरास व 1871 मध्ये रायचुरास पोहोचला. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादचा फाटा सुरू झाला. शहाबाद याच मार्गावरचे. बैलगाडीने दूर नेणे परवडू नये असा जड माल वाघिणींतून एकीकडे सोलापूर-पुण्याकडे, दुसरीकडे हैदराबादेस जाऊ लागला. तेव्हा हे गाव निजामाच्या राज्यात होते. 1956 च्या प्रांतरचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. राज्ये बदलली, फरशीचे नाव बदलले नाही.

मात्र दगड चांगला म्हणून अंगण चांगले होते असे नाही. फरशीचे खरे काम तिच्या खाली असते. भुसभुशीत माती काढून मुरूम पसरावा, पाणी शिंपून तो धुम्मसाने चोपावा, त्यावर चुना-वाळूचा थर देऊन दोरीच्या ओळंब्यात एकेक लादी बसवावी. बसविलेली लादी ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर तेव्हाच उचलून पुन्हा बसवावी, कारण पोकळीवरची लादी आज ना उद्या तडकते. उतार घराकडून बाहेर हवा. दहा फुटांस दोन इंच पुरे. याबाबत आळस केला की पावसाळ्यात पाणी जोत्याशी मुरते आणि भिंतींना ओल चढते. शेवटी दर्जा भरून काही दिवस अंगण ओले ठेवावे.

पायरीला तर अधिक जपावे लागते. पायरी म्हणताच वारकऱ्यांस पंढरीच्या महाद्वारातील नामदेवांची पायरी आठवते; घरच्या पायरीवरही येणाऱ्याचे पहिले पाऊल पडते, आणि म्हाताऱ्या माणसांचे पडणेही बहुधा तेथेच. म्हणून तिची उंची सहा इंचांच्या आसपास व रुंदी फूटभर असावी. एक पायरी उंच, दुसरी ठेंगणी असे कदापि नसावे. तिचा पाया भरीव हवा, आणि तिलाही बाहेरच्या बाजूस किंचित उतार हवा. हौसेने गुळगुळीत घोटलेली फरशी बाहेर घालणे हा निव्वळ वेडेपणा होय; पहिल्या सरीनंतर तिच्यावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. बाहेर खाणीतून निघाली तशी खडबडीत लादीच बरी.

चुनखडीला आंबटाचेही वावडे आहे. चिंच किंवा लिंबू लावून देवाची तांब्या-पितळेची उपकरणी फरशीवरच घासली, तर ती झिजून तिच्यावर पांढुरके डाग पडतात, आणि ते धुऊन जात नाहीत. घासण्यासाठी विहिरीजवळ काळ्या पाषाणाची एखादी वेगळी शिळा ठेवावी, ती याचसाठी.