तीन मिनिटांतल्या केसरबाई

केसरबाई केरकर यांनी जाहीर मैफली थांबवल्या त्या १९६३-६४च्या सुमारास. त्यानंतर जन्मलेल्या आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गाणे ऐकू लागलेल्या माझ्यासारख्याला त्या भेटल्या केवळ ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या संकलनांतून. आधी कॅसेट, मग सीडी. ज्या बाईंची ध्वनिमुद्रणाबद्दलची नाखुशी सर्वश्रुत होती, त्यांची पारख पुढच्या पिढ्यांनी ध्वनिमुद्रणावरूनच करावी, हा विचित्र योग आहे. म्हणून ही संकलने कशी ऐकायची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंनी १९२१पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली. ती १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत चालली. पाव शतकाच्या या विद्येला दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जागा मिळाली ती साधारण तीन मिनिटांची. मैफलीत तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा. साहजिकच विलंबित बढत गेली. उरले ते मुखडा, आकार आणि तान. त्यावरून ‘केसरबाई म्हणजे तानबाजी’ असा समज करून घेणारे श्रोते मला भेटले आहेत. माझे मत वेगळे आहे. या तबकड्या म्हणजे कापून लहान केलेली मैफल नव्हे. वेळ तीनच मिनिटे असेल तर रागातले काय सोडायचे नाही, याचा बाईंनी दिलेला तो निवाडा आहे. आवर्तनाला धरून चालणारी तान आणि समेवर येण्याची ऐट त्यांनी कुठेही सोडलेली नाही.

हे बंधन काही आपल्याकडचेच नव्हते. जॅझचे वादक नाचघरात रात्रभर वाजवत. तबकडीवर मात्र त्यांनाही तीन मिनिटांतच आटोपावे लागे. लुई आर्मस्ट्राँगचे १९२७मधले ‘मेलन्कली ब्लूज’ आणि केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ पुढे एकाच संकलनात आल्या. ते संकलन म्हणजे १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेली सोनेरी तबकडी. सत्तावीस रचना, सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत. केसरबाईंचे नाव सुचवले रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

आपल्याकडच्या संकलनांत मात्र पुष्कळदा फिरण्याच्या वेगाचीही खात्री केलेली नसते. ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ फेऱ्यांनी फिरवून उतरवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लयही वाढते आणि आवाजाचा जो भारदस्तपणा ही बाईंची ओळख, तोच पातळ होतो. शिवाय पहाटेचा ललत संपताच रात्रीचा मालकंस सुरू होतो. तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे साल, तबल्याला आणि सारंगीला कोण, यांचा पत्ता नसतो. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या मंडळींनी अशा नोंदी जपण्याचे काम केले आहे. त्या नोंदी वेष्टनावर छापायला फारसा खर्च येत नाही.

भैरवी हा आपल्याकडे मैफलीचा शेवट. अवकाशात गेला तो केवळ हा शेवट. आधीची मैफल इथेच राहिली. तिच्यातले जे काही हाती लागते, ते या तबकड्यांच्या तीन-तीन मिनिटांत आहे. त्या योग्य वेगाने, योग्य क्रमाने आणि वाजवणाऱ्यांच्या नावांनिशी उतरवून ठेवणे आजही शक्य आहे. मूळ तबकड्या झिजत चालल्या आहेत. हे काम फार काळ पुढे ढकलता येणार नाही.